आपल्यातला पाखंडी

धार्मिक असहिष्णुतेबाबत ख्रिस्ती धर्म पुढे की इस्लाम, असा वाद निघाला की दोन्ही बाजू दूरदेशींची प्रेते मोजू लागतात. एकाने क्रूसेड काढावे, दुसऱ्याने गझनीचा महमूद. या हिशेबातून काही हाती लागत नाही, असे आमचे मत आहे. जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला तर एवढे लांब जाण्याचेही कारण नाही. जुन्नर ही निजामशाहीची पहिली राजधानी. आंबेगाव-खेडच्या सीमेवर भीमाशंकराच्या देवळापुढे टांगलेली घंटा चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई-विजयातून आली, ती पोर्तुगीजांच्या चर्चमधली. सोळाव्या शतकात या दोन सत्ता शेजारी होत्या. चौल बंदर निजामशहाचे, आणि त्याच्याच परवानगीने १५२१ पासून तेथे पोर्तुगीजांची कोठी व किल्ला.

१४९० मध्ये जुन्नरला स्वतंत्र झालेला मलिक अहमद हा मलिक हसनचा मुलगा. आणि मलिक हसन मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळातला, विजयनगरच्या मोहिमेत कैद होऊन मुसलमान झालेला. ही हकिकत फरिश्त्याने नोंदवली आहे. बाटलेल्याचा मुलगा सुलतान झाला, याचे दरबारात कोणाला वैषम्य वाटले नाही. गोव्यात अशा कुळाला ‘नवख्रिस्ती’ म्हटले असते आणि त्याच्या चुलीवर काय शिजते, यावर पिढ्यानपिढ्या पाळत राहिली असती.

म्हणून निजामशाही सहिष्णू ठरते काय? तसे म्हणणे धाडसाचे होईल. १५३८ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिरच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला, तेव्हा सुन्नी जमाव घेऊन पीर मुहम्मद किल्ल्यावर चालून गेला. बंड मोडले, त्याचा शिरच्छेद मात्र शाह ताहिरच्याच रदबदलीने टळला. पन्नास वर्षांनी असा रदबदली करणारा कोणी उरला नव्हता. १५८९ मध्ये महदवी पंथाच्या जमालखानाने सत्ता हाती घेतली आणि अहमदनगरात परदेशी मुसलमानांची कत्तल झाली. त्यामागे दख्खनी विरुद्ध परदेशी हे जुने वैर होतेच, पण पंथभेदाने त्याला धार आली. महदवी मत राजमान्य झाले. १५९१ मध्ये दुसरा बुऱ्हाण रोहणखेडला जिंकला, जमालखान पडला आणि आता महदवींवर गदा आली. मारणारे व मरणारे दोघेही कलमा पढणारे होते.

आता गोवे. गार्सिया द ओर्ता हा सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यू घराण्यातला वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. याच पहिल्या बुऱ्हाणवर तो उपचार करी. वनौषधींवरील त्याच्या १५६३ च्या ग्रंथात या सुलतानाचा उल्लेख स्नेहाने येतो. इन्क्विझिशन गोव्यात १५६० मध्ये आले. ओर्ता १५६८ मध्ये मरण पावला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कॅटरिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल जाळण्यात आले आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडे उकरून जाळली. बारा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावर खटला! सुलतान रागावला तर जिवंत माणसाला मारतो. मेलेल्याला शिक्षा द्यायला दप्तर लागते, कारकून लागतो, फाईल बंद न करणारी कचेरी लागते.

आमच्या मते खरा भेद येथे आहे. रोख दोन्हीकडे प्रथम आपल्यातल्या पाखंड्यावर होता. कायद्याने तर इन्क्विझिशनचा अधिकारही मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवरच. पण निजामशाहीत मत सुलतानाबरोबर बदले. गोव्यात व्हॉइसरॉय बदलत, कचेरी कायम राहिली. मधली चार वर्षे वगळता ती १८१२ पर्यंत टिकली. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये या कचेरीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. मराठीच्या अभ्यासकाने तो टाळू नये.

शेजारच्या हिंदूंचा अनुभव याला पूरक आहे. १५६० च्या दशकात साष्टीची देवळे पडली, तेव्हा मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, म्हणजे आदिलशाही मुलखात. त्याच दशकात, १५६५ मध्ये, आदिलशाही आणि निजामशाही फौजांनी विजयनगर उद्ध्वस्त केले. आश्रय देणारी आणि नासधूस करणारी सत्ता एकच होती. तिच्या वागण्याचा अर्थ कुराणात शोधण्यापेक्षा महसुलात आणि लुटीत शोधावा. मंगेशाच्या मागोमाग रयत आली होती.

भाषेच्या बाबतीत मात्र आमचा तोल थोडा जातो, हे मान्य करू. फादर स्टीफन्सने ‘क्रिस्तपुराण’ रचले ते मराठीत, ओवीत. १६१६ मध्ये ते राशोलला छापले गेले. १६८४ मध्ये त्याच सत्तेने देशी भाषा तीन वर्षांत सोडण्याचा हुकूम काढला. इकडे निजामशाही मुलखातल्या श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मून ‘योगसंग्राम’ लिहीत होते, आणि त्यांनी कोणत्या भाषेत लिहावे याची चौकशी करणारी कचेरी तेथे नव्हती.