टायरचा आवाज काय सांगतो?

लोखंडी धाव बसवलेली बैलगाडी खडीच्या रस्त्यावर दिसण्याआधी ऐकू येते. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या फरसबंद रस्त्यांवर घोडागाड्यांचा असाच खडखडाट चाले. रॉबर्ट विल्यम थॉमसन या २३ वर्षांच्या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. गाडी ओढायला कमी जोर लागावा, प्रवास सुखाचा व्हावा आणि चाकांचा आवाज घटावा, असे तीन हेतू त्यात नोंदवले होते. पण ही कल्पना मागे पडली. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली.

पुढे मोटारी आल्या, वेग वाढले. गुळगुळीत टायर ओल्या रस्त्यावर घसरतो, म्हणून त्यावर खाचा पाडल्या गेल्या. आवाज कमी करणाऱ्या टायरला आता स्वतःचाच आवाज आला!

त्याचे कारण विज्ञानाला आधीच ठाऊक होते. फ्रान्समध्ये काग्निआर द ला तूर यांनी १८१९ मध्ये सायरन बनवला. फिरत्या तबकडीच्या भोकांतून हवेचे झोत सुटत. भोकांची संख्या गुणिले सेकंदाचे फेरे, ही स्वराची वारंवारता. टायरच्या नक्षीचे ठोकळेही असेच एकामागून एक रस्त्यावर आपटतात. समजा, टायरचा परीघ १.८ मीटर आहे आणि त्यावर ६० सारखे ठोकळे आहेत. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने तो सेकंदाला ११ फेरे घेईल आणि सुमारे ६७० हर्ट्झचा स्वर उमटेल. वेग निम्मा केला, की स्वर एक सप्तक उतरेल.

यावर उपाय म्हणून ठोकळे लहानमोठे करण्यात आले. त्यांचा क्रम गणिताने ठरवण्याची एक पद्धत व्हार्टेरासियन यांनी १९६९ मध्ये बर्फावरच्या टायरसाठी मांडली. अशाने ध्वनीची ऊर्जा नाहीशी होत नाही. ती अनेक वारंवारतांत विखुरते आणि कानाला बोचत नाही.

हाच इतिहास आवाजाचे निदान करायला उपयोगी पडतो. वेगाबरोबर चढणारी नवी गुणगुण ऐकू आली, तर टायर असमान झिजला असण्याची शक्यता असते. पुढचे-मागचे टायर बदलून पाहावेत. आवाजाने जागा बदलली तर दोष टायरचा. तो जुन्याच जागी राहिला तर बेअरिंग तपासावे. खराब रस्त्यावर घुमणारा, पण वेग बदलला तरी जवळपास त्याच पट्टीत राहणारा स्वर बहुधा टायरमधल्या हवेच्या अनुनादाचा असतो. आतला वर्तुळाकार मार्ग १.५ मीटर धरला, तर ३४० भागिले १.५, म्हणजे सुमारे २२५ हर्ट्झ. हा बिघाड नव्हे.

प्रत्येक फेऱ्याला एकदा होणारी धपधप मात्र दुर्लक्षू नये. खाचेत दगड अडकला असेल तर ठीक. पण टायरच्या बाजूला फुगवटा असेल तर आतले धागे तुटलेले असतात आणि टायर फुटू शकतो. गाडी थांबवून चाक पाहावे.

वर्गात कंगव्याच्या दातांवरून नख आधी सावकाश, मग भरभर फिरवा. स्वर चढेल. दातांमधले अंतर आणि नखाचा वेग मोजायला सांगा. वारंवारता मुले स्वतःच काढतील.