सेट (इंग्रजी शब्द) : अर्थ आणि पर्याय

सेट : इंग्रजीतील एक अतिशय रुळलेला एकाक्षरी शब्द. तो क्रियापद, नाम आणि विशेषण अशा तिन्ही प्रकारे चालतो. क्रियापद म्हणून त्याचा मूळ अर्थ ‘बसवणे’, नाम म्हणून ‘संच’ आणि विशेषण म्हणून ‘ठरलेला, घट्ट, सज्ज’ असा होतो. भूतकाळातही त्याचे रूप बदलत नाही. पुट, कट, हिट, शट या ‘ट’ने संपणाऱ्या क्रियापदांचीही हीच रीत आहे.

व्युत्पत्ती. सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे बसवणे. जुन्या इंग्रजीत सित्तन या धातूचे प्रयोजक रूप सेत्तन असे होते, त्यातून आजचा सेट आला. मराठीत ‘बसणे’वरून ‘बसवणे’ होते, तीच ही घडण. इंग्रजीत प्रयोजक रूप घडवण्याची ही पद्धत केव्हाच बंद पडली, त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्यांना आज या दोन शब्दांचे नाते सहसा जाणवत नाही. मराठी वाचकाला ते चटकन दिसते. या शब्दकुळाचे मूळ संस्कृतातील ‘सद्’ धातूशी जुळते. सदन, परिषद, संसद, उपनिषद हे शब्द त्याच धातूचे. पक्ष्याच्या घरट्याला संस्कृतात नीड आणि इंग्रजीत नेस्ट म्हणतात, तेही याच कुळातले.

संच या अर्थाचा नाम-सेट मात्र निराळ्या वाटेने आला. लॅटिन सेक्टा म्हणजे एखाद्याच्या मागून जाणारा गट. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये सेत हा शब्द झाला आणि तो इंग्रजीत उतरला. पंथ या अर्थाचा सेक्ट हा शब्दही त्याच मूळचा. पुढे दोन्ही शब्दांचा उच्चार एक झाला आणि अर्थही एकमेकांत मिसळले. कोशात ‘सेट’खाली दिसणाऱ्या गुंत्याचे हे एक मोठे कारण आहे.

कोशांतील स्थान. जेम्स मरी यांच्या संपादनाखाली सुरू झालेल्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम १९२८ मध्ये पुरे झाले. त्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. तिने अठरा पानांहून अधिक जागा घेतली, तिचे १५४ मुख्य विभाग पडले आणि शेवटच्या ‘सेट अप’ या विभागाचे पोटभाग दाखवताना रोमन वर्णमाला संपून अक्षरे दुसऱ्यांदा वापरावी लागली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हीच नोंद सुमारे ६०,००० शब्दांची झाली. नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ तिथे नोंदले आहेत. जोडक्रियापदे आणि वाक्प्रचार धरले तर ही संख्या ५८० च्या घरात जाते. तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाल्यावर आधी मेक, मग पुट आणि २०११ मध्ये ६४५ अर्थांचा रन हे शब्द पुढे गेले. तरीही ‘सर्वाधिक अर्थांचा इंग्रजी शब्द’ म्हणून सेटचेच नाव सांगितले जाते, ते जुन्या आवृत्त्यांच्या आधारावर.

क्रियापदाचे अर्थ. शेकडो अर्थांची यादी पाठ करणे व्यर्थ आहे. सकर्मक सेटचे बहुतेक उपयोग मराठीतल्या तीन क्रियापदांत मावतात : बसवणे, लावणे, ठरवणे. वस्तू तिच्या नेमक्या जागी घट्ट बसायची असेल तिथे ‘बसवणे’. सोनार कोंदणात हिरा बसवतो, डॉक्टर निखळलेले हाड बसवतात, या दोन्ही ठिकाणी इंग्रजीत सेट येतो. एखादी गोष्ट कामाला किंवा चालीला लागायची असेल तिथे ‘लावणे’ : गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे, कवितेला चाल लावणे. आकडा, मुदत किंवा मर्यादा असेल तिथे ‘ठरवणे’ : दर ठरवणे, तारीख ठरवणे, नियम घालून देणे. कर्म कोणते आहे हे पाहिले की तिघांतले कोणते क्रियापद घ्यावे ते सहसा आपोआप कळते. थोडे उपयोग या चौकटीबाहेर राहतात. प्रश्नपत्रिका ‘काढतात’, कादंबरी एखाद्या काळात किंवा गावात ‘घडते’, छापखान्यातला जुळारी खिळे ‘जुळवतो’. इंग्रजीत तिन्हीकडे सेटच.

अकर्मक सेटचे दोन अर्थ महत्त्वाचे आहेत. पहिला मावळण्याचा. सूर्य खाली जातो, म्हणून सनसेट. मराठीत सूर्य बसत नाही. पण घसा बसतो, धंदा बसतो, पावसात जुनी भिंत बसते. खाली जाण्याची ही छटा आपल्या ‘बसणे’तही आहेच. दुसरा अर्थ घट्ट होण्याचा. जेली, प्लास्टर, सिमेंट सेट होते. बांधकामात ‘सेटिंग’ आणि ‘हार्डनिंग’ या निराळ्या अवस्था मानतात. ओल्या मिश्रणाचा लवचीकपणा जाणे म्हणजे सेटिंग, नंतर दिवसेंदिवस बळकटी वाढणे म्हणजे हार्डनिंग. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटचे सेटिंग पहिल्या ३० मिनिटांत सुरू होता कामा नये आणि ६०० मिनिटांच्या आत पुरे झाले पाहिजे. ते फार लवकर होऊ नये म्हणून सिमेंटमध्ये जिप्सम मिसळतात. शेतीत फळधारणेलाही सेट म्हणतात आणि डाळिंबाच्या बागांत ‘सेटिंग चांगली झाली’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. उसाच्या बेण्याची टिपरी म्हणजे इंग्रजीतला सेटच. शेतीच्या पुस्तकांत त्याच्या शेवटी ‘टी’ हे अक्षर दोनदा लिहितात.

पर्याय आणि छटा. क्रियापदाचे जवळचे पर्याय पुट, प्लेस, ले आणि फिक्स. पुट सर्वांत मोघम : कशीही, कुठेही ठेवा. प्लेसमध्ये काळजीपूर्वक जागा निवडणे आहे. ले म्हणजे आडवे ठेवणे, अंथरणे. फिक्स म्हणजे हलणार नाही असे जखडणे. सेटमध्ये जागा आधीपासून ठरलेली असते आणि वस्तू तिथे विशिष्ट हेतूने बसते. टेबलावर ताटे नुसती ठेवली तर पुट. जेवणासाठी पाने मांडली तर सेट.

नामाचे पर्याय कलेक्शन, ग्रुप, बॅच, सिरीज, किट. कलेक्शन म्हणजे संग्रह; त्यात भर पडत राहते. बॅच एका वेळी तयार झालेल्या किंवा एका वेळी आलेल्यांची असते. सिरीजमध्ये क्रम हवाच. सेटमध्ये घटक ठरलेले असतात. सहा कपांतला एक फुटला तर सेट मोडला असे आपण म्हणतो. गणितात हा काटेकोरपणा शेवटाला नेला आहे. गेओर्ग कांटोर यांनी १८७४ पासून उभारलेल्या सिद्धांतात संचाचे घटक कोणते हेच पाहतात. त्यांचा क्रम पाहत नाहीत आणि एकच घटक दोनदा लिहिला तरी तो एकदाच मोजतात. टेनिसमधला सेट म्हणजे गेमांचा गट : किमान सहा गेम आणि दोनची आघाडी, ६–६ अशी बरोबरी झाल्यास टायब्रेक.

विशेषणाचे पर्याय फिक्स्ड, रिजिड, रेडी. शाळेच्या मैदानावरच्या ‘गेट सेट’चा अर्थ पवित्रा घ्या, सज्ज व्हा.

जोडक्रियापदे. पुढे आलेले छोटे अव्यय अर्थ पार फिरवते, म्हणून इथे नुसता सेट पाहून भागत नाही. सेट अप म्हणजे उभारणे, सेट आउट म्हणजे निघणे किंवा मांडणे, सेट इन म्हणजे सुरू होऊन टिकणे. पावसाळ्याबद्दल लिहिताना हा हमखास येतो. न्यायालय खालचा निकाल सेट असाइड करते तेव्हा तो बाजूला ठेवत नाही, रद्द करते. सेट-ऑफ म्हणजे वजावट. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ मध्ये कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा करण्याला हाच शब्द होता. सेटबॅक बातमीत ‘धक्का’ असतो, बांधकाम नियमांत मात्र रस्त्यालगत मोकळी सोडायची जागा.

मराठीतील वापर. मराठीत सेट नाम म्हणून आला आणि क्रियापदही झाला : केस सेट करणे, मोबाइलची सेटिंग, चित्रपटाचा सेट. ‘सेट होणे’ म्हणजे आयुष्य मार्गी लागणे. क्रिकेटमध्ये सेट झालेल्या फलंदाजाला ‘जम बसलेला’ म्हणतात. ‘सेटिंग लावणे’ म्हणजे आतून संधान बांधणे. हा अर्थ आपल्याकडचा. त्याला इंग्रजीत जवळचा शब्द फिक्सिंग. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेते ती सहायक प्राध्यापकपदाची सेट परीक्षा या शब्दाशी संबंधित नाही. ती राज्य पात्रता चाचणीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. ‘शेठ’ही निराळा, तो श्रेष्ठीवरून आला.

‘संच’ हा प्रतिशब्द उत्तम आहे, पण तो फक्त नामाचा. सम् अधिक चि, म्हणजे एकत्र गोळा करणे, हे त्याचे मूळ. त्यात बसवण्याचा अर्थ नाही. विद्यार्थ्यांसाठीच्या छोट्या इंग्रजी–मराठी कोशांत सेटपुढे आधी ‘संच’ छापला तर क्रियापद शोधणारा विद्यार्थी तिथेच अडतो. कोशकारांनी या नोंदीत ‘बसवणे’ पहिला द्यावा, त्यामागे ‘लावणे’ आणि ‘ठरवणे’, आणि नामाची नोंद स्वतंत्र करावी.