डेक्कन क्वीनचे पहिले चौदा डबे

अमेरिकेत शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट नावाची एक स्पोर्ट्स कार आहे. तिची पहिली गाडी ३० जून १९५३ रोजी मिशिगन राज्यातल्या फ्लिंट या गावी तयार झाली. त्या वर्षी एकंदर ३०० गाड्या झाल्या. सगळ्या बाहेरून पांढऱ्या, आतून लाल आणि बऱ्याचशा हातानं जोडलेल्या. या तीनशेंपैकी कोणती गाडी आज कुठे, कुणाच्या घरी आहे, याचा माग काढत बसणारे शौकीन तिकडे आहेत. प्रत्येक गाडीला क्रमांक असतो, त्यावरून हे शोधकाम चालतं. पहिल्या दोन गाड्या चाचण्यांनंतर कंपनीनंच मोडीत काढल्या असं मानतात, म्हणून मान मिळतो तिसरीला. ही तिसरी गाडी २००६ साली लिलावात सुमारे दहा लाख डॉलरला गेली!

हे वाचल्यावर मनात आलं, आपल्याकडे कुणी असा माग काढायचा ठरवला तर तो कशाचा काढेल?

शेव्हरोले हे नाव आमच्या भागाला परकं नाही. जनरल मोटर्सनं १९२८ साली इथे जवळच शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला होता, तो १९५४ पर्यंत चालला. पण गिरणगावातल्या माणसाला स्पोर्ट्स कारशी काय देणंघेणं? वेग आणि दिमाख या दोन गोष्टी आम्ही पाहिल्या त्या रुळांवर. चिंचपोकळीला जलद लोकलसुद्धा थांबत नाही, तिथे डेक्कन क्वीन कसली थांबणार! पण संध्याकाळी पुलावर उभं राहिलं की ती खालून सुळकन जायची, आणि बघणारा कितीही घाईत असला तरी मान वळवायचाच.

तर ही आपली दख्खनची राणी. १ जून १९३० रोजी जी.आय.पी. रेल्वेनं ती सुरू केली. पहिली धाव कल्याण ते पुणे अशी होती. घोड्यांच्या शर्यतींच्या शौकिनांची पुण्याला जायची सोय व्हावी म्हणून ती काढली असं सांगतात. महालक्ष्मीचं रेसकोर्स इथून फार लांब नाही, त्यामुळे मला ते पटतं. गाडीचे दोन रेक होते, प्रत्येकी सात डब्यांचे. एक चंदेरी रंगाचा, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा राजेशाही निळा, त्यावर सोनेरी रेघा. म्हणजे एकूण डबे चौदा. कॉर्व्हेटवाल्यांचे तीनशे, आपले चौदा. माग काढायला किती सोपं, नाही का?

या डब्यांच्या जन्माची हकिकत मला फार आवडते. खालचा सांगाडा इंग्लंडात बनला आणि वरचा सगळा डबा माटुंग्याच्या वर्कशॉपात. हे वर्कशॉप १९१५ सालचं. परळचं त्याहून जुनं, १८७९ चं, पण ते इंजिनांचं. माझ्या लहानपणी आमच्या चाळीतून दोघं-तिघं रोज सकाळी माटुंग्याला कामावर जायचे. एक सुतार होते, एक रंगारी. डेक्कन क्वीन बांधली गेली तेव्हा ते नव्हते, त्यांच्या आधीच्या पिढीचं ते काम. पण बोलताना दोघंही 'आमची गाडी' म्हणायचे! गिरणीतला माणूस कापडाच्या तागाला 'आमचा' म्हणताना मी कधी ऐकला नाही. ताग्यावर छाप मालकाचा असे. गाडीवरही छाप कंपनीचाच होता, तरी ती रोज डोळ्यांसमोरून जायची, हा फरक असावा.

सुरुवातीला या गाडीला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. म्हणजे ज्यांनी ती बांधली त्यांनी तिच्यात बसायचं नाही. १ जानेवारी १९४९ ला जुना पहिला वर्ग रद्द झाला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हणू लागले. तिसरा वर्ग आला तो थेट जून १९५५ मध्ये. पंचवीस वर्षं लागली. शाळेत इतिहास शिकवताना मी ही तारीख मुलांना मुद्दाम सांगत असे. पुस्तकात ती नव्हती आणि परीक्षेतही येणार नव्हती, तरी सांगायचो.

आणि मग १९६६. त्या वर्षी मूळचे डबे काढून मद्रासजवळच्या पेरांबूरच्या कारखान्यात बनलेले पोलादी डबे जोडले गेले. सातांचे बारा झाले. हे का केलं ते समजून घेण्यासारखं आहे. जुन्या पद्धतीत खालचा सांगाडा वेगळा आणि त्यावर बसवलेला डबा वेगळा. जोराची टक्कर झाली की एका डब्याचा सांगाडा दुसऱ्या डब्यात दुर्बिणीच्या नळीसारखा शिरायचा आणि आतल्या माणसांचं काय होई ते लिहवत नाही. पेरांबूरच्या डब्यात सांगाडा आणि भिंती-छप्पर मिळून एकच पेटी. ती सहजासहजी घुसू देत नाही. शिवाय चाकांच्या बोगी सुधारलेल्या, त्यामुळे धक्के कमी. तेव्हा कुणी निष्काळजीपणानं माटुंग्याचे डबे घालवले असं म्हणता येत नाही. योग्य कारणासाठीच ते गेले. रेल्वेचा रिवाजच आहे, मोठ्या गाडीतून उतरलेला डबा लहानसहान गाड्यांना जोडायचा, तिथूनही थकला की खात्याच्या कामाला, आणि शेवटी भंगार. गाडीचं नाव मात्र एक दिवसही खाली ठेवलं नाही. १९९५ ला पुन्हा नवे डबे आले, एअर ब्रेकचे. २०२२ च्या जूनमध्ये आणखी नवे, एल.एच.बी. पद्धतीचे. रंगही बदलले. नाव तेच, डायनिंग कारही तशीच चालू.

मोटारीचं असं होत नाही. कॉर्व्हेटचा मालक म्हातारा झाला तर ती गॅरेजमध्ये पडून राहते, धूळ खाते, मुलगा विकतो, पण कागद आणि क्रमांक कुणाच्या तरी कपाटात राहतात. रेल्वेचा डबा सर्वांचा. त्याला कुणाचं कपाट?

आपल्याकडे जपलं जातं ते इंजिन. अर्थात तेही नेहमी नाही. १८५३ च्या पहिल्या ठाणे गाडीच्या तीन इंजिनांची नावं, साहिब, सिंध आणि सुलतान, शाळेतली मुलंसुद्धा सांगतात, पण त्यातलं एकही आज उभं नाही. डेक्कन क्वीनचं नशीब त्या मानानं बरं. तिला ओढणाऱ्या ई.ए./१ जातीच्या विजेच्या इंजिनांपैकी ४००६ क्रमांकाचं इंजिन दिल्लीला चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. नाव 'सर रॉजर लम्ली'. हे लम्लीसाहेब १९३७ ते १९४३ मुंबईचे गव्हर्नर होते, म्हणजे इंजिन आधीचं आणि नाव नंतर चिकटवलेलं. त्याच संग्रहालयात 'सर लेस्ली विल्सन' हे घाटात मालगाड्या ओढणारं इंजिनही आहे. तेही गव्हर्नर, आणि ३ फेब्रुवारी १९२५ ला व्ही.टी. ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी त्यांच्याच हस्ते सुरू झाली. दोन्ही इंजिनं परदेशी बनावटीची, दोन्हींवर लाटसाहेबांची नावं. माटुंग्याच्या सुतारांनी बांधलेले डबे त्यांच्यामागे जोडलेले असते तर चित्र पुरं झालं असतं. आता ती इंजिनं परत मुंबईत आणून चालवायची म्हटली तरी जमायचं नाही. ती १५०० व्होल्टच्या डी.सी. विजेवर चालायची. त्या विजेवरची मुंबईतली शेवटची गाडी एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर धावली, आणि आता सगळीकडे २५ हजार व्होल्टची ए.सी. वीज आहे.

दर वर्षी १ जूनला पुणे स्टेशनावर प्रवासी केक कापून गाडीचा वाढदिवस करतात, ते छानच आहे. माझी वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात कुणी माटुंग्याच्या वर्कशॉपात असेल, आजोबा-पणजोबा, आणि जुन्या ट्रंकेत १९६६ च्या आधीचा एखादा फोटो असेल, डब्यासमोर उभ्या कामगारांचा, तर तो टाकू नका. फोटो काळा-पांढरा असला तरी चालेल. डबा उजळ दिसला तर चंदेरी रेक असेल आणि गडद दिसला तर निळा, एवढा अंदाज बांधता येईल. मागच्या बाजूला माणसांची नावं पेन्सिलनं लिहिलेली असतील तर त्यावरून पुन्हा शाई फिरवा.