शुक्रवारचा मुहूर्त : महासाथीच्या वर्षातील स्वतंत्र संगीतकारांची प्राप्ती

जागतिक आरोग्य संघटनेने 11 मार्च 2020 रोजी कोविड-19 ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात युरोप, अमेरिका व भारत येथील सभागृहे एकामागून एक बंद झाली. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आश्रयाबाहेर राहून आपल्या कृतींचे हक्क स्वतःकडे ठेवणाऱ्या संगीतकारांना प्रस्तुत लेखात ‘स्वतंत्र’ म्हटले आहे. यांपैकी बहुतेकांचा चरितार्थ प्रत्यक्ष कार्यक्रमांवर चालत असे. ‘महासाथीत संगीत ऑनलाइन गेले’ असे विधान आता सर्रास केले जाते. ते खोटे नाही. परंतु त्यावरून प्राप्तीचा उलगडा होत नाही. संगीत त्यापूर्वीच ऑनलाइन गेलेले होते. पैसा मात्र त्याच्या मागोमाग गेलेला नव्हता.

याचे कारण स्ट्रीमिंगच्या वाटणीपद्धतीत आहे. या पद्धतीत सर्व वर्गणीदारांचा पैसा एका ठिकाणी गोळा होतो आणि एकूण श्रवणसंख्येत ज्याचा जितका वाटा, तितका अंश त्याच्या हक्कदारांकडे जातो. एखाद्या श्रोत्याने महिनाभर एकाच अपरिचित गायिकेचे गाणे ऐकले, तरी त्याची वर्गणी त्या गायिकेकडे जाते असे नाही. ती समाईक राशीत पडते आणि तीतील फार मोठा भाग लोकप्रिय नावांकडे वळतो. साउंडक्लाउडने एप्रिल 2021 पासून काही स्वतंत्र कलावंतांपुरती ही रीत बदलली व श्रोत्याची वर्गणी त्याने ऐकलेल्या कलावंतांतच वाटण्याचा उपक्रम सुरू केला. पण तोवर महासाथीचे पहिले वर्ष सरले होते.

घरातून थेट प्रक्षेपण करणे हा दुसरा मार्ग पुष्कळांनी चोखाळला. त्यात श्रोते मिळाले, क्वचित ऐच्छिक देणग्याही मिळाल्या. परंतु अडचणी थोड्या नव्हत्या. ध्वनी एका सेकंदात सुमारे 340 मीटर जातो. आंतरजालावरून आवाज पोचण्यास सेकंदाचा एक दशांश भाग जरी विलंब लागला, तरी दोन वादक एकमेकांपासून 34 मीटरांवर बसल्यासारखे होते. इतक्या अंतरावरून लय सांभाळणे दुर्घट असल्याने एकट्याने गाण्यावाजवण्याला साहजिकच महत्त्व आले. शिवाय हक्कभंग शोधणाऱ्या स्वयंचलित यंत्रणा शतकांपूर्वीच्या, कोणाचाही हक्क न उरलेल्या पाश्चात्त्य रचनांची प्रक्षेपणेही बंद पाडीत. यंत्राला रचना कळत होती, पण ती कोण वाजवीत आहे हे कळत नव्हते, असे म्हणावे लागते.

या पार्श्वभूमीवर बँडकॅम्पचा प्रयोग विशेष अभ्यसनीय ठरतो. 2008 मध्ये स्थापन झालेल्या या अमेरिकन कंपनीच्या विक्रीस्थळावर श्रोता विशिष्ट कलावंताची विशिष्ट कृती विकत घेतो आणि इच्छा असल्यास मागितलेल्या किमतीहून अधिक रक्कम देतो. कंपनी ध्वनिमुद्रणाच्या विक्रीवर 15 टक्के आणि तबकड्या, कपडे इत्यादी वस्तूंवर 10 टक्के वाटा घेई. शुक्रवार, 20 मार्च 2020 रोजी तिने एक दिवसापुरता आपला वाटा सोडला. कॅलिफोर्नियाच्या घड्याळाप्रमाणे हा दिवस मध्यरात्री सुरू होई. म्हणजे भारतातील ग्राहकाला तो शुक्रवारी दुपारी साडेबारा वाजता लागे आणि शनिवारी दुपारी संपे. त्या एका दिवसात 43 लाख डॉलरांची खरेदी झाली. ही रक्कम नेहमीच्या शुक्रवारच्या पंधरापटीहून अधिक होती. 1 मे रोजी हाच प्रयोग पुन्हा केला असता आकडा 71 लाखांवर गेला. डिसेंबरपर्यंत असे नऊ शुक्रवार झाले आणि त्या नऊ दिवसांत सुमारे 4 कोटी डॉलर कलावंत व छोट्या प्रकाशनसंस्थांकडे गेले.

कंपनीने वाटा सोडला म्हणून कलावंतांचे भागले, असा समज या आकड्यांवरून होणे शक्य आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. कंपनीच्या निवेदनानुसार, पैसे वळते करणाऱ्या मध्यस्थांचे शुल्क वजा जाता, एरव्ही 100 डॉलरांतील सरासरी 82 आणि सुटीच्या शुक्रवारी 93 कलावंताकडे पोचत. नेहमीच्या शुक्रवारची खरेदी 100 धरली, तर कलावंतांना 82 मिळत. खरेदी 1500 झाली तेव्हा 1395 मिळाले. वाढ 1313 ची. तीत सोडलेल्या वाट्यामुळे पडलेली भर अवघी 165 ची आणि उरलेली 1148 ची भर खरेदीच वाढल्यामुळे पडलेली. म्हणजे सुटीची रक्कम हे निमित्त होते. खरे कार्य केले ते ठरलेल्या दिवसाने. त्या दिवशी घेतलेली वस्तू अमुक माणसाच्या घरी चूल पेटवील, हे श्रोत्याला ठाऊक होते. कलावंत आपली नवी कृती त्याच दिवशी प्रसिद्ध करीत आणि एकमेकांच्या कृतींची शिफारस करीत. समाईक राशीत हरवणारा ग्राहक येथे नावानिशी समोर उभा राहिला. यांतील काही खरेदी आधीच्या दिवसांतून राखून ठेवलेली असणार, हा आक्षेप रास्त आहे. तसेच हे आकडे एकत्रित आहेत, त्यांवरून एकट्यादुकट्या संगीतकाराची मिळकत काढू नये. तथापि पंधरापट वाढीचे स्पष्टीकरण केवळ पुढे ढकललेल्या खरेदीने होईल, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

कलावंताच्या प्राप्तीला मुहूर्त लागतो, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन जत्रांच्या सुपाऱ्या देतात. ढोलकीवाले, हलगीवाले, गाणाऱ्या स्त्रिया यांची पुढील महिन्यांची मिळकत बव्हंशी तेथे ठरते. 2020 साली गुढीपाडवा 25 मार्च रोजी आला. देशभरातील टाळेबंदीचा तोच पहिला दिवस. कॅलिफोर्नियातील त्या शुक्रवारनंतर पाचच दिवसांनी जुन्नर तालुक्यातील हा मुहूर्त बुडाला. फडाची विक्रीयोग्य वस्तू म्हणजे रात्रभराचा संपूर्ण खेळ. तो एकाच्या खोलीत मावत नाही, आणि सुपारी देतो तो गाव, एकटा श्रोता नव्हे. त्यामुळे विकत घेण्याजोगे ध्वनिमुद्रण, परदेशी चलन स्वीकारणारे खाते आणि विखुरलेला पण नाव घेऊन येणारा श्रोता या ज्या तीन गोष्टींवर ऑनलाइन प्राप्ती उभी होती, त्यांपैकी एकही सामान्य फडकऱ्याजवळ नव्हती. 2021 चा पाडवा 13 एप्रिलला आला आणि दुसऱ्याच दिवशी रात्री राज्यात कडक निर्बंध पुन्हा लागू झाले.

शुक्रवारचा मुहूर्तही कलावंतांच्या हातचा नव्हता; तो मालकाच्या इच्छेवर चाले. मार्च 2022 मध्ये बँडकॅम्प ही कंपनी एपिक गेम्सने विकत घेतली. 2023 मध्ये ती साँगट्रेडरकडे गेली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिचे सुमारे निम्मे कर्मचारी कमी करण्यात आले. सुटीचे शुक्रवार मात्र बंद पडले नाहीत. 2024 व 2025 मध्येही कंपनीने निवडक तारखा जाहीर केल्या. 2 एप्रिल 2022 च्या पाडव्यापर्यंत महाराष्ट्रातील निर्बंध उठलेले होते. दोन मोसमांची मिळकत बुडाल्यानंतर फडांना पुन्हा सुपाऱ्या घेण्याची वाट मोकळी झाली.