ग्वाल्हेरचा चुना आणि सुरखी

लष्करातील एखादा जुना वाडा पाडला जात असता पहारीखालून तांबूस चुना निघतो. तो तांबूसपणा सुरखीचा. भाजलेल्या विटा कुटून त्यांची पूड विरविलेल्या चुन्यात मिसळावयाची आणि ते मिश्रण बैलाच्या घाणीत दळावयाचे, ही येथील रीत होती. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावला आणि तंबूंच्या जागी वाडे उठले, ते याच चुन्यावर.

नुसता चुना हवेतील कर्बद्विप्राणिद वायू शोषून दगड होतो; जाड भिंतीच्या पोटात अगर पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून तेथे तो कच्चा राहतो. भाजलेली माती मात्र ओलाव्यातच चुन्याशी संयोग पावते. रोमन स्थापती विट्रुव्हिअस यास हे ठाऊक होते. चुन्यात कुटलेली कौले घालण्यास तो सांगतो. म्हैसूरकडील कृष्णराजसागराचे धरणही, ज्याचे काम १९११ मध्ये सुरू झाले, सुरखीच्याच चुन्यात बांधलेले आहे. आपल्या गवंड्यांनी विट्रुव्हिअस वाचला नव्हता, हे सांगणे नलगे.

जयाजीरावांचा जयविलास महाल १८७४ चा. दरबार दालनाची झुंबरे टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढविले होते, ही कथा ग्वाल्हेरचे प्रत्येक मूल ऐकते; खरीखोटी कोण जाणे. पोरबंदरचा सिमेंट कारखाना सुरू झाला तो पुढे चाळीस वर्षांनी, १९१४ मध्ये. मग संस्थानात बानमोर येथेही सिमेंट होऊ लागले, आणि १९३६ मध्ये दहा कंपन्या एकत्र येऊन असोसिएटेड सिमेंट कंपनी झाली तेव्हा तीत ग्वाल्हेरची कंपनीही होती. सिमेंट लवकर घट्ट होते, त्यास घाणी नको, महिनोगणती मुरविणे नको. घाण्या बंद पडल्या यात नवल नाही.

या सोयीची किंमत आता कळते. सिमेंटच्या भट्टीत सुमारे १४५० अंश उष्णता लागते. शिवाय शंभर भार शुद्ध चुनखडी भाजली की चव्वेचाळीस भार वायू तिच्यातूनच निघतो. चुन्याची भट्टीही तो सोडते, हे विसरता कामा नये; फरक इतकाच की चुना घट्ट होताना त्यातील बराचसा परत घेतो, सरपणाचा धूर मात्र परत येत नाही. लोझान, क्यूबा व भारत येथील संशोधकांनी सिद्ध केलेल्या नव्या सिमेंटात भट्टीचा माल निम्माच असतो. उरलेल्यात मुख्यतः सुमारे ८०० अंशांवर भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी. त्याने वायू तीस ते चाळीस टक्के घटतो. आपल्या शेजारी झाशीस या सिमेंटचे एक घर बांधून पाहिले गेले, आणि २०२३ मध्ये भारतीय मानक १८१८९ निघाले. भाजलेली माती म्हणजे आपली सुरखीच की!

तथापि जुन्या भिंतीस हे नवे सिमेंटही लावू नये असे मला वाटते. एका शाळेचा मुख्याध्यापक असता चुन्याच्या भिंतीवर मीच सिमेंटचा गिलावा करविला. दोन पावसाळ्यांत ओल आत कोंडून विटा भुरभुरू लागल्या. गिलावा खरवडून चुन्याचा करावयाचे ठरले, तेव्हा चुना विरविणारा गवंडी शोधण्यातच एक उन्हाळा गेला. मिळाला तो सत्तरीचा; आल्याबरोबर त्याने प्रथम जुन्या विटांचे तुकडे मागितले.