श्रेयनामावलीबाहेरचे

मराठीत ‘निर्माता’ या शब्दाचा मूळ अर्थ निर्माण करणारा, रचणारा. चित्रपटाच्या व्यवहारात मात्र तो पैसा उभा करणाऱ्यासाठी रूढ झाला. हा अर्थबदल केवळ भाषेत घडला नाही; कायद्यातही घडला.

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन आले, तेव्हा रचणारा आणि खर्च करणारा एकच होता. १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, भांडवल भागीदारांचे झाले आणि मतभेद होऊन फाळके काही काळ बाहेरही पडले. १९४४ साली नाशिकात त्यांचे निधन झाले, ते विपन्नावस्थेत. १९६९ पासून त्यांच्या नावाने सर्वोच्च चित्रपट-सन्मान दिला जातो. सन्मान आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ही फारकत पक्की केली. चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे पुढाकार व जबाबदारी घेणारा निर्माता, दिग्दर्शक नव्हे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, मोबदला देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. गायकाला तर कायद्यात स्थानच नव्हते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात या उणिवेकडे संसदेचे लक्ष वेधले. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला हक्क मिळाला, पण चित्रपटात सामील होण्यास त्याने संमती दिली की तो संपे.

२०१२ ची दुरुस्ती हे खरे वळण होय. चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मानधनातील गीतकार, संगीतकार व पटकथाकाराचा समान वाटा आता करारानेही सोडून देता येत नाही. दूरचित्रवाणीवर गाणे वाजले, तरी तो वाटा उभा राहतो. कलावंतालाही व्यापारी वापरातून मानधनाचा हक्क आला. मुख्य दिग्दर्शकाला सह-कर्ता मानण्याचा प्रस्ताव मात्र विधेयकातून गळला.

याच दुरुस्तीत एक परंतुक आहे. चित्रपटातील ज्याचे काम प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो मानधनापुरता ‘कलावंत’ ठरत नाही. फाळक्यांच्याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल व भोवतालच्या आदिवासी पट्ट्यात बोहाड्याची परंपरा आहे. मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर रात्रभर देवदेवतांची सोंगे नाचवली जातात. कायद्याच्या व्याख्येत नर्तक आहे, डोंबारी आहे, गारुडीसुद्धा आहे. तेव्हा सोंग नाचवणाराही निश्चितच आहे. पण त्याचा नाच एखाद्या चित्रपटात ‘वातावरणनिर्मिती’साठी दोन मिनिटे आला आणि नाव आले नाही, तर तो व्याख्येतून निसटतो. नाचाची रचना तर पिढ्यांची. तिला एक कर्ताही नाही आणि कॉपीराइटची मुदतही नाही.

तेव्हा श्रेयनामावली ही केवळ सौजन्याची यादी उरत नाही. हक्काचा तो दस्तऐवज असतो. साहित्यात आपण ‘कर्ता कोण’ हा प्रश्न मीमांसेचा मानतो. सोंग नाचवणाऱ्यासाठी तो पोटाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर चित्रीकरणाआधी, कागदावर आणि नावानिशी मिळवायला हवे.