मुलाला कुणी विचारले? शिरगणतीपासून प्रश्नावलीपर्यंत

आजचा धागा एका साध्या कागदाचा आहे. मुलाने स्वतःच्या मनाविषयी स्वतः भरावयाची प्रश्नावली. तिचा इतिहास मात्र तितका साधा नाही.

सन १८८१. खानदेशातल्या कुठल्याही गावात शिरगणतीचा माणूस ओट्यावर येऊन बसे. नाव, वय, जात, धंदा झाल्यावर तो विचारी : घरात कुणी वेडे, मुके-बहिरे, आंधळे वा महारोगी आहे काय? उत्तर द्यायचा तो घरचा कर्ता पुरुष. आत बसलेल्या दहा वर्षांच्या पोरीला काही विचारावे, हे कुणाच्या मनातही येत नसे. हे रकाने १९३१ पर्यंत टिकले. त्यांतील ‘वेड्यांचा’ आकडा हाती आला की मी आधी स्वतःला बजावतो : हा रुग्णांचा आकडा कमी आणि कर्त्या पुरुषांनी परक्यासमोर कबूल केलेल्यांचा अधिक.

मुलांना थेट प्रश्न विचारण्याचा एक गाजलेला प्रयोग याच सुमारास अमेरिकेत झाला. जी. स्टॅन्ली हॉल यांनी बोस्टनच्या शाळांत नव्याने येणाऱ्या मुलांच्या डोक्यात काय काय असते, याची विचारपूस करवून १८८३ साली निष्कर्ष छापले. गाय कधी न पाहिलेली शहरी मुले पाहून वाचक चकित झाले. पण प्रश्न सारे ज्ञानाचे. मुलाला काय ठाऊक आहे हे विचारले गेले, काय खुपते आहे हे नाही.

तो दुसरा प्रश्न युद्धातून आला. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने खचणारे सैनिक आधीच ओळखता यावेत, म्हणून १९१७ मध्ये रॉबर्ट वुडवर्थ यांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मागणारी प्रश्नावली रचावयास घेतली. अखेरीस तिच्यात ११६ प्रश्न उरले. ती कामी येण्याआधीच युद्ध संपले. पण १९२३ साली एलेन मॅथ्यूज यांनी तिला मुलांसाठी नवे रूप दिले. रंगरुटांसाठी शिवलेला अंगरखा कापून पोरांना बेतावा, तसेच हे.

तरीही पुढची कित्येक वर्षे मुलांविषयी खात्रीचे साक्षीदार म्हणून आईबाप आणि शिक्षकच मानले गेले. या समजाला तडा गेला तो इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर. मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये तेथील दहा-अकरा वर्षांच्या मुलांची पाहणी केली होती. तीच पिढी चौदा-पंधराची झाल्यावर त्यांनी मुलांशीही प्रत्यक्ष संवाद साधला. तेव्हा आढळले की कित्येक मुले आतून दुःखी होती आणि घरच्यांना, शिक्षकांना त्याचा पत्ताही नव्हता. १९७६ साली हे प्रसिद्ध झाले. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे खरे वळण हेच. त्याच दशकात मारिया कोव्हाक्स यांनी प्रौढांसाठीच्या बेक यांच्या नैराश्यमापनावरून मुलांसाठी २७ कलमांची प्रश्नावली बेतली. दर कलमात तीन वाक्ये, गेल्या दोन आठवड्यांत जे लागू पडले ते मुलाने निवडायचे. मग १९९७ मध्ये रॉबर्ट गुडमन यांची २५ वाक्यांची प्रश्नावली आली, आणि लगोलग अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी स्वतः भरावयाची तिची आवृत्तीही.

आता आपल्याकडे येऊ. परकी चाचणी नुसती भाषांतरून चालत नाही, हे मुंबई इलाख्यात व्ही. व्ही. कामत यांनी बुद्धिमापनाच्या संदर्भात फार आधी ओळखले होते. धारवाडात त्यांनी बिने चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्याने बसवली. १९४० साली त्यांचा ग्रंथ निघाला, आणि ‘बिने-कामत’ हे नाव आजही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी आहे. बुद्धीच्या प्रश्नाला निदान बरोबर-चूक असते. मनाच्या प्रश्नाला तेही नाही.

मी नरडाण्याचा. शिंदखेडा तालुक्यातले, मुंबई-आग्रा महामार्गावरचे, सुरत-भुसावळ लोहमार्गावर स्थानक असलेले गाव. घरात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी. आठवीत असताना आम्हांला असाच एक छापील तक्ता वाटला होता. ‘मी उदास असतो’ या ओळीवर शेजारच्या मित्राने ‘उदास म्हणजे काय?’ असे विचारले. उत्तर आले, ‘तुला माहीत नाही ना, मग नाहीवर खूण कर.’ त्याने केली. तोच मित्र परीक्षेच्या सकाळी दरवेळी म्हणे, ‘पोट दुखस.’ ‘जीव घाबरस’ हे त्याच्या तोंडी नेहमीचे. उदासी त्याला होती की नव्हती, मला सांगता येणार नाही; पण त्या ‘नाही’चा अर्थ मोजणाऱ्याने जो लावला असेल तो त्याचा नव्हता. गंमत अशी की गुडमन यांच्या प्रश्नावलीत डोकेदुखी-पोटदुखीचे वाक्य आहेच. मन शरीरातून बोलते हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच जाणकार भाषांतरकार मजकूर दुसऱ्याकडून उलट मूळ भाषेत आणवून ताडून पाहतात. पण ही कसोटी मराठीपाशी थांबली, तर अहिराणी बोलणारे पोर वेशीबाहेरच राहते.

आकड्यांचे सांगायचे, तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयोगटात ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळले. तो आकडा महाराष्ट्राच्या नावावर खपवू नका. निवडलेल्या बारा राज्यांत आपले राज्य नव्हते. पुढे २०२२ च्या जानेवारी ते मार्चमध्ये एनसीईआरटीने सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांकडून उत्तरे घेतली. त्यांपैकी ८१ टक्के मुलांनी चिंतेचे कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांकडे बोट दाखवले. या पाहणीत नाव लिहिणे ऐच्छिक होते, मुलांना मोकळेपणाने लिहिता यावे म्हणून. आमच्या आठवीच्या तक्त्यावर पहिली ओळ नावाची होती, दुसरी हजेरी क्रमांकाची, आणि भरलेले तक्ते गोळा करायला वर्गाचा मॉनिटर फिरत होता.